बिनतिकिटाची बस

४ जानेवारी

आमचे स्नेही दंतवैद्य यांचं म्हणणं असं, की पुस्तक लिहायचं असेल तर आधी रोजनिशी लिहावी, म्हणजे हात बसतो. ते स्वतः कधी काही लिहीत नाहीत. पण दाढ काढताना समोरच्याला बोलता येत नाही, त्यामुळे त्यांना सल्ले द्यायची सवय लागली आहे. तरी हा सल्ला मला पटला. म्हणून ही वही.

पुस्तकाचं नाव ठरलं आहे: ‘सरकारी खर्च आणि माणसाचं स्वातंत्र्य’. सगळी नोकरी हिशेबतपासणी खात्यात गेली. लोकांनी केलेल्या खर्चासमोर लाल शाईनं ‘कशासाठी?’ असं लिहिणं हे माझं काम. त्या एका शब्दानं भल्याभल्या खातेप्रमुखांना घाम फोडलेला आहे. निवृत्तीनंतर तो विचारायला कोणी उरलं नाही. घरात ही आहे, पण हिला खर्च असा नाहीच.

सिद्धान्त सोपा आहे. सरकार जितका जास्त खर्च करतं, तितका माणूस कमी स्वतंत्र होतो. कारण जो आपल्यावर खर्च करतो तो आपल्याकडून काहीतरी मागतोच. दंतवैद्यांनी विचारलं, मग तुमच्या पेन्शनचं काय. पेन्शन हा खर्च नव्हे, तो हक्क. याचं वेगळं परिशिष्ट जोडावं लागेल.

आजच्या पेपरात बातमी आहे. नगरपालिका पुढच्या आठवड्यापासून शहरातल्या बस फुकट करणार. शिवाय आजवर जी बस मोठ्या चौकातून परत फिरायची, ती आता आमच्या वसाहतीत येणार. थांबा आमच्या फाटकासमोर. माझ्या कराच्या पैशातून, मला न विचारता.

९ जानेवारी

बस आली. रिकामी होती. मी गॅलरीत उभा राहून समाधानानं पाहिली.

हीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. “रंग छान दिलाय,” म्हणाली. रंगाचाही खर्च असतो, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

१६ जानेवारी

दुपारी झोपून उठलो तर घरात कोणी नाही. टेबलावर झाकलेला चहा. तोही थर्मासमध्ये, म्हणजे जाणं आधीपासून ठरलेलं. ही संध्याकाळी आली. गाल उन्हानं लाल झालेले.

“कुठे गेली होतीस?”

“बसनं. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले.”

“कशासाठी?”

“बघायला.”

“काय बघायला?”

“बस कुठे जाते ते.”

सरकारनं फुकट दिलं की माणूस गरज नसताना वापरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण घरातच मिळेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या प्रकरणात घातलं. अर्थात ‘एक मध्यमवयीन गृहिणी’ असं लिहिलं आहे.

२ फेब्रुवारी

ही आता आठवड्यातून तीन-चार दिवस जाते. सकाळचं आवरते, स्वयंपाक झाकून ठेवते, आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहते. कुठे जातेस म्हटलं तर “शेवटच्या थांब्याला” एवढंच. पुन्हा विचारणं मला शोभत नाही.

आज लेकीचा फोन आला तेव्हा बोललो. ती तिकडे परगावी, तिला इथलं काय कळणार, पण मन मोकळं करायला कोणी तरी हवं.

“आई खूश आहे का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की आजवर हिला कुठे जायचं असलं तर ही मला सांगायची, मी गाडी काढायचो, नाहीतर रिक्षाचे पैसे द्यायचो. मी तिला एकदाही नाही म्हटलेलं नाही. कशासाठी हवेत एवढंच विचारायचो. ते तर मी सचिवांनाही विचारायचो.

त्यावर लेकीचा फोन बंद झाला. रेंजचा प्रश्न असावा.

११ फेब्रुवारी

आमच्या ‘करदाते स्वातंत्र्य मंचा’ची पहिली बैठक आमच्या दिवाणखान्यात झाली. दंतवैद्य अध्यक्ष, मी चिटणीस, आणि सभासद म्हणून फर्निचरच्या दुकानाचे मालक. त्यांना आम्ही मंडळी सोफासेट म्हणतो, ते स्वतःही म्हणतात. ठराव एकमतानं झाला: फुकट बस बंद करावी, ज्यानं त्यानं आपल्या प्रवासाचे पैसे द्यावेत.

अडचण एवढीच झाली, की ही घरी नव्हती. पाहुण्यांना चहा मी केला. दंतवैद्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, “वहिनी कुठे गेल्यात?”

“बाहेर.”

“कशानं?”

मी खोटं बोलत नाही. “बसनं,” म्हटलं.

सोफासेट हसले. दंतवैद्य हसले नाहीत, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला, ते त्याहून वाईट. मी स्पष्ट केलं, की ही स्वतंत्र विचारांची आहे आणि मंचाचा सभासद या नात्यानं मी तिच्या निवडीचा आदर करतो. ते दोघं गेल्यावर कप मीच विसळले.

२० फेब्रुवारी

आज बस-कार्यालयात गेलो. काम सार्वजनिक हिताचं होतं. प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड दिलं आहे, चढताना ते दारातल्या यंत्राला लावायचं. याचा अर्थ कोण कुठे चढलं, कुठे उतरलं याची नोंद कुठे तरी होत असणार. खर्च झालाच आहे, तर त्याची माहिती करदात्याला मिळायला नको?

खिडकीत एक तरुण मुलगी होती. मी सांगितलं, की एका विशिष्ट प्रवाशाची गेल्या महिन्याभराची माहिती हवी आहे.

“कोणाची?”

“माझ्या पत्नीची.”

“कार्डावर नाव नसतं काका,” ती म्हणाली. “किती माणसं चढली एवढंच आम्हाला कळतं.”

“नाव का नाही?”

“नागरिकांचं खाजगीपण जपायचं म्हणून. आणि नाव असतं तरी देता आलं नसतं.”

मी म्हटलं, हे नागरिकांपासून माहिती दडवणं झालं. नवऱ्याला नाही तर कोणाला ही माहिती मिळणार? ती जराशी घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “काका, तुम्ही त्यांनाच विचारा ना.”

ही सूचना मला व्यवहार्य वाटली नाही. घरी येऊन ‘सरकारची गुप्तता आणि नागरिकाची असहायता’ हे प्रकरण पाच पानं लिहिलं. मध्येच आठवलं, की तिसऱ्या प्रकरणात सरकारनं माणसाच्या हालचालींची नोंद ठेवू नये, असं मीच ठासून लिहिलेलं आहे. दोन्ही प्रकरणं शेजारी-शेजारी ठेवायची नाहीत.

५ मार्च

गेले काही दिवस संध्याकाळी बसथांब्यावर बसून निरीक्षण करतो. पुस्तकाला प्रत्यक्ष पाहणीचा आधार हवा.

आजची नोंद: दोन कॉलेजच्या मुली, एक काठी घेतलेले गृहस्थ (दवाखान्यातून), एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन, आणि ही. ही दारातून उतरताना मागच्या कोणाला तरी हसत काहीतरी सांगत होती. मला बघून हसू थांबलं नाही, पण आवरलं.

“तुम्ही इथे?”

“पाहणी करतोय.”

“झाली का?”

“झाली.”

मग आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत आलो. बऱ्याच दिवसांत एकत्र चाललो नव्हतो. हिच्या अंगाला एक वेगळाच वास येत होता, रंगाच्या दुकानात येतो तसा. विचारलं नाही.

काल आणि परवा ही गेली नव्हती. पाहणीला मात्र मी काल आणि परवाही गेलो होतो. पाहणीत खंड पडता कामा नये.

१९ मार्च

काल रात्रीपासून झोपायच्या खोलीतला पंखा बंद. आधी घुरघुरला, मग जळका वास आला. मी आज सकाळी म्हटलं, नवीन घेऊ.

“कशासाठी?” ही म्हणाली.

माझा शब्द हिच्या तोंडून ऐकून मी दचकलो. हिनं स्टूल ओढलं, मेन स्विच बंद करायला मला पाठवलं, पंखा उतरवला आणि जमिनीवर जुना कपडा पसरून त्याची मोटर उघडली. आतली तांब्याची तार काळी पडली होती. हिनं ती कापून काढली. पर्समधून मापाची नवी तार काढली, लोखंडी खाचांमध्ये कागदाच्या पट्ट्या बसवल्या आणि तार गुंडाळायला सुरुवात केली. ओठ हलत होते, वेढे मोजत होती. मी एकदा काही विचारायला गेलो तर तिनं हात वर केला. थांबा. आमच्या संसारात मला हातानं थांबवायची तिची ही पहिलीच वेळ.

दुपारी तिनं वार्निश लावलं. रंगाच्या दुकानाचा वास तो हा.

तेव्हा कळलं. शेवटच्या थांब्यापाशी सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. पन्नाशीच्या पुढच्या बायकांना जळलेल्या मोटरी पुन्हा गुंडाळायचं काम फुकट शिकवतात. म्हणजे बसही माझ्या पैशातून, केंद्रही माझ्या पैशातून.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुठे जातेस विचारलंत, ते सांगितलं. काय करतेस हे विचारलं नाहीत.”

“मी नाही म्हणालो असतो का?”

“नाही हो. तुम्ही कशाला नाही म्हणाल.” ती तारेचं टोक पुसत होती. “पण सांगावं लागलं असतं. का शिकायचं, शिकून काय करणार, या वयात उपयोग काय. तुमचं समाधान होईपर्यंत माझीच हौस फिटली असती.”

पंखा आता चालतो आहे. आधीपेक्षा कमी आवाज करतो, हे तटस्थपणे नोंदवतो.

२९ मार्च

आज ही भर दुपारी परत आली, रागानं लालबुंद. इतकं चिडलेलं मी तिला क्वचितच पाहिलं आहे.

बस केंद्रावर गेलीच नाही. मधल्या रस्त्यानं वळवून मैदानावर नेली. तिथे नगराध्यक्षांची सभा. खाली उतरवून उन्हात बसवलं, हातात कागदी झेंडे दिले. एक माणूस पुढे उभा राहून टाळ्या कधी वाजवायच्या ते खुणेनं सांगत होता. मोटर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आमचं काम खोळंबलंय, आम्हाला जाऊ द्या. तर तो म्हणाला, फुकट फिरता, फुकट शिकता, दोन टाळ्या वाजवायला काय जातं.

मी खुर्चीतून उठलोच. इतक्या वर्षांच्या चिंतनाला इतका सज्जड पुरावा, तोही माझ्याच घरात चालत आलेला. मी म्हटलं, “मी काय सांगत होतो? जो आपल्यावर खर्च करतो तो आपल्याला हवं तिथे बसवतो, हवं तेव्हा उठवतो. वर उपकारही मोजतो. फुकट काही नसतं.”

“खरंय तुमचं,” ही म्हणाली.

“पटलं ना आता?”

“मला कधीचंच पटलंय.” ती भाजी चिरायला बसली होती. “दुसऱ्याच्या पैशावर असलं की टाळ्या वाजवाव्याच लागतात. ते मला नवीन नाही.”

हिनं माझा सिद्धान्त असा निखळपणे मान्य केल्याचं हे पहिलंच उदाहरण. वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुस्तकाच्या सुरुवातीला घालावं का, विचार करतो आहे. नाव न घेता.

१२ एप्रिल

नगरपालिकेच्या सभागृहात जनसुनावणी झाली. फुकट बस चालू ठेवावी की नाही. गर्दी बरीच होती. मंचातर्फे मी बोललो. भाषणाचा मसुदा सहा वेळा लिहिला होता. ‘आज बस फुकट, उद्या विचार फुकट’ या वाक्याला टाळ्या पडल्या. वाजवल्या सोफासेटनी, पण नंतर इतरांनीही.

खाली बसलो आणि पाहिलं, तर मागच्या रांगेत ही. शेजारी पाच-सहा बायका, सगळ्यांच्या बोटांना वार्निशचे डाग. त्यांच्यात शिकवणाऱ्या बाईही होत्या, उंच, केस आखूड. त्या हिच्या कानात काही बोलल्या आणि हिनं हात वर केला. दंतवैद्य माझ्याकडे न बघता समोर बघत राहिले.

ही उभी राहिली. माईक जवळ आणल्यावर आधी जरा मागे सरली, मग बोलली.

“तिकीट लावा,” म्हणाली. “आम्ही काढू. जमेल तेवढं लावा, पण लावा. तिकीट काढलं की आम्ही प्रवासी होऊ. मग आम्हाला कोणी मैदानावर नेऊन बसवणार नाही. पण बस ठेवा. आमच्या वसाहतीत याआधी बस नव्हती, तेव्हा मला कोणी अडवलं नव्हतं. तरी मी कुठे गेले नव्हते.”

एवढंच बोलून खाली बसली. सभागृहात खूप टाळ्या झाल्या. माझ्या वाक्याला पडल्या त्यांच्याहून थोड्या जास्त असतील, नेमकं सांगता येणार नाही.

दंतवैद्य म्हणाले, “वहिनींनी आपलीच बाजू मांडली की.” मीही तसंच म्हणतो. तिकीट लावा, हेच मंचाचं म्हणणं. तिच्या बोलण्याचा उरलेला भाग मला नीटसा कळला नाही. माईकमध्ये दोष असावा.

येताना मी गाडी आणली होती. ही म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी बायकांबरोबर बसनं येते. गाडीत मागची जागा रिकामी होती, हे मी सांगितलंही. पण बायका सहा होत्या.

२७ एप्रिल

जिंकलो. पेपरात पहिल्या पानावर आहे. नगरपालिकेनं फुकट प्रवास बंद केला. पुढच्या महिन्यापासून तिकीट. दंतवैद्यांनी फोन केला, सोफासेट घरी येऊन गेले, जाताना आमच्या सोफ्याकडे बघून उसवलेल्या शिवणीबद्दल दोन शब्द बोलले.

बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहे, की तिकीट लावल्यावर तोट्यातले फाटे चालवणं परवडणार नसल्यामुळे काही वसाहतींमधले थांबे रद्द केले आहेत. यादीत आमचं नाव आहे. बस पूर्वीसारखी मोठ्या चौकातून परत फिरेल.

मी पेपर घडी घालून ठेवला. ही संध्याकाळी आली. तिनं तो उघडला, शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा तसाच घडी घालून ठेवला.

“तिकिटाचं झालं बघ,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली. “अर्धं ऐकलं त्यांनी.”

८ मे

हिला केंद्रानं प्रमाणपत्र दिलं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी शेजारीच स्वतःचं वर्कशॉप टाकलं आहे, पाण्याचे पंप, पंखे, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांच्या मोटरी तिथे येतात. हिला त्यांनी कामावर घेतलं. सरकारचा संबंध नाही, संपूर्ण खाजगी व्यवसाय. तात्त्विकदृष्ट्या माझा विरोध असण्याचं काही कारण नाही, आणि ते मी शोधून पाहिलं.

ऊन मी म्हणतंय. ही छत्री घेऊन मोठ्या चौकापर्यंत चालत जाते, संध्याकाळी चालत येते. मी म्हटलं, मी सोडतो गाडीनं. दोन दिवस सोडलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “राहू दे. निघायची वेळ तुमच्या झोपेवर ठरते.” मी लवकर उठायला तयार होतो. तसं म्हणालो नाही, हे खरं.

थांब्याचा खांब अजून फाटकासमोर आहे. पाटी काढून नेली. सकाळी पेपर आणायला जातो तेव्हा सवयीनं तिथे थोडा थांबतो.

१७ मे

जेवताना ही म्हणाली, “बाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे. सोमवार ते शुक्रवार तिथे राहीन म्हणते.”

मी घास खाली ठेवला. “विचारतेस की सांगतेस?”

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, “सांगतेय.” त्यात तिखटपणा नव्हता. बाहेर ऊन किती आहे हे सांगावं तसं सांगितलं.

“भाडं?”

“मी देणार.”

“लोक काय म्हणतील?”

“तुम्ही तर लोकांना सांगत फिरता, ज्याचं त्यानं ठरवावं म्हणून.”

प्रकरण चौथं, ‘सज्ञान व्यक्तीची निवड’. कुठे राहायचं, काय काम करायचं, कोणाबरोबर उठायचं-बसायचं, यात सरकारनं, समाजानं किंवा कुटुंबानंही पडू नये, असं मी तिथे लिहिलं आहे. ‘कुटुंबानंही’ हा शब्द दंतवैद्य म्हणत होते काढा, मीच हट्टानं ठेवला होता.

“माझं काय?” मी विचारलं. जेवणखाणाचं काय, असं मला म्हणायचं होतं. वाक्य अर्धवट राहिलं.

तिनं माझ्या ताटात वाढलं. “शनिवारी येईन ना,” म्हणाली.

“कशानं?”

“चौकापर्यंत बसनं. पुढे चालत.”

रात्री लेकीला फोन केला. तिला सगळं आधीच माहीत होतं. “बाबा, तुम्ही आईला थांबवणार आहात का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, मी कोणालाही थांबवत नाही, ते माझ्या तत्त्वात नाही. “मग येऊ द्या तिचं तिला,” ती म्हणाली. याचा अर्थ मी बराच वेळ लावत बसलो.

२३ मे

घर माझं एकट्याचं. कोणी काही विचारत नाही. दिवा रात्रभर चालू ठेवला तरी चालतो. स्वातंत्र्याची व्याख्या करायला याहून अनुकूल परिस्थिती मिळणार नाही, म्हणून शेवटचं प्रकरण सुरू केलं. ‘स्वातंत्र्य म्हणजे’ एवढं लिहिलं आणि पंख्याकडे बघत बसलो.

२५ मे

‘स्वातंत्र्य म्हणजे’ याच्यापुढे काही नाही.

मंचाची बैठक होती. दंतवैद्यांनी नवा विषय काढला, नगरपालिकेच्या वाचनालयावरचा खर्च. मी म्हटलं, थोडं थांबू या. सोफासेटनी विचारलं, का. मला कारण सांगता आलं नाही. कारण सांगता न येता काही तरी नको असणं, हा माझ्यासाठी नवा अनुभव. दोघंही माझ्याकडे बघत राहिले, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की ते बघणं किती जड असतं.

२७ मे

आज शनिवार. सकाळी दिवाणखाना झाडला, पुस्तकाच्या कामासाठी जागा मोकळी हवी म्हणून. गॅलरीतून कोपऱ्यावरचा रस्ता दिसतो. दुपारपासून गॅलरीतच लिहायला बसलो, तिथे वारा असतो.

पाचच्या सुमाराला छत्री दिसली. मी आत येऊन खुर्चीत बसलो, हातात पेपर धरला. जिन्यावर पावलं वाजली, दारापाशी थांबली. कुलपात किल्ली फिरायची मी वाट बघत होतो. बेल वाजली.

दार उघडलं. ही उभी. चेहरा घामानं डबडबलेला, खांद्याला पिशवी. आणि घराची किल्ली हातातच होती, बोटांमध्ये धरलेली. किल्ली असताना बेल का वाजवली, हे अगदी जिभेवर आलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

“या,” मी म्हणालो.

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला ‘ये’ म्हणत आलो. ‘या’ मी परक्यांना म्हणतो, दंतवैद्यांना म्हणतो. शब्द तोंडातून गेला तो गेला. ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. बसमधून उतरताना मागच्या बायकांकडे बघून हसत होती, तसं.

“येऊ ना?” तिनं विचारलं.

चूक सुधारता आली असती. सुधारली नाही.

“या की,” म्हणालो.

ती चपला काढून आत आली आणि पाहुण्यासारखी कडेच्या खुर्चीवर टेकली. पिशवी पायाशी ठेवली, पदरानं कपाळ पुसलं. काही विचारावं असं बरंच होतं. मी काहीच विचारलं नाही आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.